रंग तेलाने निघाला, तेल कशाने निघणार? दशावतारातल्या एका स्त्रीपार्टीचे प्रकरण

मार्गशीर्षातल्या एका सकाळी तो दवाखान्यात आला, तो रात्रीचे आख्यान संपवून थेटच. पापण्यांच्या कडांना काजळाची रेघ तशीच होती आणि कानामागे गुलाबी रंगाचा एक पट्टा राहून गेला होता. मधला सगळा चेहरा लालबुंद. पापण्या सुजलेल्या, गालांची कातडी ताणून बसवल्यासारखी आणि जबड्याच्या कडेने मोहरीएवढ्या पुटकुळ्यांची रांग. खुर्चीत बसता बसता म्हणाला, “मॅडम, तोंडार पाणी मारला तरी आग आग व्हता. आणि आज रात्री परत द्रौपदी आसा.”

त्याच्या परवानगीने हे प्रकरण लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. मेकअप काढायला कोणते नैसर्गिक तेल चांगले, हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी विचारला जातो. लग्नसराईत नवऱ्या मुली विचारतात, भरतनाट्यमच्या वर्गातल्या मुलींच्या आया विचारतात, नाट्यस्पर्धेच्या दिवसांत हौशी नट विचारतात. पण तेलाच्या सगळ्या गुणदोषांची परीक्षा एकाच चेहऱ्यावर झालेली मी पाहिली ती याच माणसाच्या बाबतीत.

सिंधुदुर्गाबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगते. दशावतारात बायकांच्या भूमिका पुरुषच करतात, त्यांना स्त्रीपार्टी म्हणतात. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की मंडळीचा टेम्पो रोज एका देवळाकडे निघतो. पालखी फिरून झाली की मध्यरात्रीच्या सुमारास नाटक उभे राहते आणि पहाटे दहीकाल्याने संपते. इथे रंगभूषाकार वेगळा नसतो. पेटाऱ्याशेजारी मांडी घालून, हातातल्या आरशात बघत ज्याने त्याने आपले तोंड रंगवायचे. आणि पहाटे ज्याने त्याने आपले तोंड पुसायचे, तेही बहुधा देवळामागच्या विहिरीवर किंवा टेम्पोच्या फळीवर बसून, एका बादलीत चौघे. हे सांगते, कारण पुढचा सगळा उपचार त्या एका बादलीत बसवायचा होता.

वय २८. सहा हंगाम स्त्रीपार्टी करतो आहे. हंगामात आठवड्याला पाच-सहा रात्री. रंग चेहऱ्यावर सहा-सात तास राहतो. लहानपणी दमा नाही, अंगावर इसब नाही, घरात कुणाला ॲलर्जी नाही. सुरुवातीची पाच वर्षे तो घरचे खोबरेलच वापरत होता. “घरचा त्याल. आज्यापासून हेच लावतव,” असे तो म्हणाला तेव्हा त्यात थोडी तक्रारही होती, की मग आताच काय झाले?

काय झाले ते हळूहळू बाहेर आले. खोबरेल वापरत असतानाही कपाळावर आणि जबड्यावर बारीक, बंद तोंडाच्या पुटकुळ्या येतच होत्या. त्या हंगामात येतात आणि पावसाळ्यात जातात म्हणून त्याने त्यांना कधी आजार मानले नव्हते. यंदा दिवाळीत मुंबईहून आलेल्या एका नातेवाइकाने ऑलिव्ह तेलाची बाटली दिली, चेहऱ्याला फार चांगले म्हणून. तीन आठवडे ते लावले. गाल खरखरीत झाले, दाढी केल्यावर झोंबायला लागले. मग कुणाच्या सांगण्यावरून ‘शंभर टक्के नैसर्गिक’ लिहिलेले एक मेकअप काढायचे तेल मागवले. आठव्या दिवशी पापण्या सुजल्या.

ती बाटली त्याच्या पिशवीतच होती. मी भिंग घेऊन मागचा कागद वाचला. सूर्यफूल तेल, मग लॅव्हेंडर, लिंबाची साल आणि टी ट्री यांची सुगंधी तेले आणि शेवटी लिमोनीन, लिनालूल, सिट्रल. ही शेवटची तीन नावे कुणी कारखान्यात वरून ओतलेली नसतात, ती त्या सुगंधी तेलांच्या पोटातच असतात. हवा लागली की लिमोनीन आणि लिनालूलपासून जे पदार्थ तयार होतात ते त्वचेची ॲलर्जी करणाऱ्यांच्या यादीत पक्के बसलेले आहेत. युरोपात २००५ पासून अशा २६ सुगंधी घटकांची नावे वेष्टनावर छापणे सक्तीचे झाले, ते याच कारणाने. बाटली खोटी नव्हती. सगळे खरोखरच झाडापानांतले होते. त्याच्या आजोबांच्या पिढीतले नट तोंडाला मुरडाशिंग आणि हिंगूळ लावत. तेही निसर्गातलेच, पण एकात शिसे आणि दुसऱ्यात पारा. नैसर्गिक या शब्दावरून एखादी वस्तू कुठून आली एवढेच कळते, ती पापणीवर कशी वागेल ते कळत नाही.

तपासताना मी चेहऱ्याचे तीन भाग पाडले, कारण तिन्हींची दुखणी वेगळी दिसत होती. पापण्यांवरचे इसब, म्हणजे लाली, सूज, बारीक सोलवटणे, हे त्या सुगंधी तेलाचे असणार असा माझा अंदाज होता. गालांचा खरखरीतपणा आणि झोंबणे हे त्वचेचे कुंपण मोडल्याचे लक्षण. आणि कपाळ, कानशिले, जबडा इथल्या बंद पुटकुळ्या म्हणजे तुंबलेली छिद्रे. तिन्ही तेलांनी आपापली खूण वेगवेगळ्या जागी ठेवली होती असे तेव्हा मला वाटले. हे पुरते खरे नव्हते, पण त्याकडे पुढे येते.

मी विचारले, “दाढी कधी करता?”

“रंग लावच्या आदी. आठ-साडेआठाक. दोनदा करतंय, उलटीपण. नायतर रंगातसून निळा दिसता.”

हा प्रश्न मी विचारला नसता तर प्रकरण अर्धेच कळले असते. केसांच्या उलट दिशेने दोन वेळा पाते फिरवले की त्वचेचा वरचा पापुद्रा निघतो आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या शेकडो चिरा पडतात. त्यावर तासाभरात जाड रंग, पहाटे तेल आणि मग साबण. साबण कोणता, तर विहिरीवर जो असेल तो, कधी अंगाचा, तर एक-दोनदा कपड्यांचाही. त्वचेचा सामू (पीएच, म्हणजे आम्लपणाचे माप) साधारण पाचच्या आसपास असतो, साबणाचा नऊ-दहा. आणि पुसायला होता जुन्या लुंगीचा तुकडा, आठवडाभर एकच.

म्हणजे तेल बदलून बदलून तो थकला होता, पण बाकीची चार कामे रोज तशीच चालू होती. तेलाची निवड या चारांच्या मध्ये बसवायची असते, हे मला या प्रकरणात सर्वांत ठळकपणे दिसले.

टेबलावरची चाचणी

दुसऱ्या दिवशी त्याला रंगाचा डबा घेऊन बोलावले. मला बघायचे होते की त्याला तेल नेमके कशासाठी लागते. त्याच्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगटापासून कोपरापर्यंत, त्याच्याच डब्यातले रंग पट्ट्यांनी ओढले. स्टिकचे फाउंडेशन, पाण्यात कालवायचा पॅनकेक, गालांना लावतो ती लिपस्टिक, साधे काजळ आणि गेल्या वर्षापासून वापरात आलेले वॉटरप्रूफ आयलायनर. दहा मिनिटे वाळू दिले. मग आडव्या रेघांत पाच तेले थेंब थेंब लावली: खोबरेल, तीळ, सूर्यफूल, करडई आणि एरंडेल. एक मिनिट थांबलो. ओल्या कापसाने एकदाच, न दाबता पुसले.

पॅनकेकला तेल लागलेच नाही, तो ओल्या कापसाने तसाच निघून आला. पाण्याने लागणारा रंग पाण्याने उतरतो. पण सहा वर्षे तो गळ्यावर आणि हातांवर तेल चोळून पॅनकेक काढत होता. स्टिक, लिपस्टिक आणि काजळ ही मेण, तेल आणि रंगद्रव्य यांची बनलेली. ती चारही पातळ तेलांनी सारखीच सुटली, त्यात डावे-उजवे करता येईना. तेलात तेल विरघळते, याला खोबऱ्याचे की करडईचे याचा काही फरक पडत नाही. एरंडेल मात्र कातडी ओढत होते. ते इतके दाट असते की पुसायला जोर लावावाच लागतो, आणि पापणीवर जोर नको असतो. वॉटरप्रूफ आयलायनर कोणत्याच तेलाने एका मिनिटात हलले नाही. दुसरे मिनिट गेल्यावर ते पापुद्र्यासारखे सुटायला लागले, कारण त्यात नुसते मेण नसते, वाळल्यावर पातळ पडदा धरणारा पदार्थ असतो. त्याला वेळ लागतो, जोर लागत नाही.

तो हाताकडे बघत राहिला. मग म्हणाला, “म्हणजे सगळी त्यालां सारकीच?”

रंग काढण्यापुरती सारखीच. फरक पडतो तो रंग निघून गेल्यावर चेहऱ्यावर जे उरते त्याने.

उरलेले तेल काय करते

खोबरेलात लॉरिक आम्ल, म्हणजे तेल ज्यांचे बनते त्या स्निग्धाम्लांपैकी एक, जवळपास निम्मे. कोरड्या, इसब झालेल्या त्वचेला याचा फायदा होतो. फिलिपाइन्समध्ये २००८ साली प्रौढ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात व्हर्जिन खोबरेल लावलेल्यांच्या त्वचेवरचे स्टॅफिलोकोकस जंतू ऑलिव्ह तेल लावलेल्यांपेक्षा जास्त कमी झाले होते. म्हणून कोकणातल्या आज्यांच्या खोबरेलाला मी कधी नावे ठेवत नाही. पण तेच तेल छिद्रे तुंबवण्याच्या यादीत वरच्या नंबरांवर असते, शून्य ते पाच या मापात चार. ही यादी मुळात सशाच्या कानावरच्या चाचण्यांतून आली आहे आणि माणसाची त्वचा सशाच्या कानासारखी वागतेच असे नाही, त्यामुळे तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. मात्र ज्याच्या कपाळावर सहा हंगाम बंद पुटकुळ्या आहेत, त्याच्यासमोर ती यादी दुर्लक्षूनही चालत नाही.

खोबरेलाची आणखी एक अडचण कोकणात राहूनही मला त्याने सांगेपर्यंत सुचली नव्हती. ते साधारण २४ अंशांखाली थिजते. डिसेंबरच्या पहाटे देवळामागे बाटलीतून तेल येतच नाही. मग बोटाने गोळा काढायचा आणि थंड गालावर रगडायचा. म्हणजे ज्या दिवसांत त्वचा सर्वांत कोरडी, त्याच दिवसांत घासणे सर्वांत जास्त.

ऑलिव्ह तेलाचा बोलबाला फार आहे, म्हणून त्याबद्दल स्पष्ट लिहिते. त्यात ओलेइक आम्ल ५५ ते ८३ टक्के असते. इंग्लंडमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्वयंसेवकांच्या हातांवर काही आठवडे ऑलिव्ह तेल लावले. त्यांच्या त्वचेचा वरचा थर कमकुवत झाला आणि थोडी लालीही आली, ज्यांना कधी इसब झाले नव्हते त्यांनाही. त्याच अभ्यासात सूर्यफूल तेलाने तो थर शाबूत राहिला आणि ओलावा सुधारला. अभ्यास लहान होता, १९ माणसांचा. पण माझ्या समोरचे गाल नेमके तेच सांगत होते. खाण्यासाठी ऑलिव्ह तेल उत्तम आहे, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. दाढीने सोललेल्या गालावर ते रोज रात्री नको.

सूर्यफूल आणि करडई या दोन्हींत लिनोलेइक आम्ल जास्त. करडईत तर सत्तर टक्क्यांच्या पुढे. आपल्या त्वचेच्या कुंपणाच्या बांधकामात हे आम्ल लागते. मुरुमे येणाऱ्यांच्या त्वचेवरच्या तेलकटपणात ते कमी आढळते असेही अभ्यास आहेत. म्हणून करडई लावली की मुरुमे बरी होतात असे कुणी समजू नये, पण चेहऱ्यावर थोडे तेल राहून जाणारच असेल तर ते याच जातीचे राहिलेले बरे. ढाक्यात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना सूर्यफूल तेलाने मालिश केल्यावर त्यांच्यातला जंतुसंसर्ग कमी झाल्याचा अभ्यास २००५ मध्ये आला होता. इतक्या कोवळ्या कातडीला जे चालले, ते स्त्रीपार्टीच्या गालाला चालायला हरकत नाही, असा माझा हिशोब.

सोलापूर-मराठवाड्याकडची मंडळी करडईच्या तेलावरच वाढली. इकडे ते सहज मिळत नाही. म्हणून त्याच्या घरात भाजी फोडणीला टाकतात तेच रिफाइंड सूर्यफूल तेल वापरायचे ठरवले. इथे अनेकांचे मन दुखावते, घाण्याचे का नाही म्हणून. घाण्याच्या तेलात वास, रंग, बियांतले इतर अंश राहतात. जेवणात त्यांची गोडी आहे. चिडलेल्या त्वचेला मात्र जितके कमी पदार्थ भेटतील तितके चांगले. एकदा त्वचा शांत झाली की घाण्याचे लावून बघायला हरकत नाही.

एक सूचना मात्र पाळायची. सूर्यफुलाच्या आणि करडईच्या नव्या वाणांत ओलेइक जास्त असलेलेही वाण आहेत. नाव सूर्यफूल, पण पोटात ऑलिव्हसारखे. ते ओळखायला पिशवीच्या मागचा पोषणाचा तक्ता बघायचा. १०० ग्रॅममध्ये पॉलीअनसॅच्युरेटेडचा आकडा मोनोअनसॅच्युरेटेडपेक्षा बराच मोठा असेल, तर ते लिनोलेइकवाले तेल. त्याला मी हे दाखवले तेव्हा त्याने तिथल्या तिथे घरी फोन लावून आईला पिशवी वाचायला सांगितली. आकडा बरोबर निघाला.

आणि अशी तेले लवकर खवट होतात. खवट तेल स्वतःच त्वचेला चावते. म्हणून १५ दिवसांपुरते, लहान गडद बाटलीत, टेम्पोच्या बॉनेटजवळ न ठेवता. भिंतीच्या जुन्या तैलरंगासारखा वास येऊ लागला की फेकायचे.

बाकीच्या तेलांबद्दल तो विचारत होता ते थोडक्यात सांगते. मोहरीचे तेल चेहऱ्याला मुळीच नको, त्याचा झणका नाकाला लागतो तसा त्वचेलाही लागतो. तिळाचे चालते, ओलेइक आणि लिनोलेइक दोन्ही साधारण चाळीस-चाळीस टक्के, एखाद्याला ॲलर्जी असते एवढेच. बदाम आणि शेंगदाणा ज्यांना खाल्ल्यावर त्रास होतो त्यांनी लांब ठेवावे. दुकानातली ‘बदाम तेल’ नावाची केसांची तेले बहुतेक वेळा सुगंध घातलेली असतात, ती तर नकोतच. जोजोबा खरे म्हणजे द्रवरूप मेण आहे, चांगले आहे, पण आठवड्याला सहा रात्री वापरायला खिशाला जड.

खोबरेल घेणाऱ्यांनीही बाटलीवर खाद्यतेलाचा १४ आकडी परवाना क्रमांक आहे का ते बघावे. लहान बाटलीतले शुद्ध खोबरेल खाद्यतेल की केशतेल हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि डिसेंबर २०२४ मध्ये ते खाद्यतेल धरता येईल असा निर्णय झाला. तो वाद कराचा होता. आपल्याला त्यातून घ्यायचे एवढेच, की खाण्याजोगे म्हणून विकलेल्या तेलात चमेलीचा वास मिसळलेला नसतो.

एका बादलीतला उपचार

पापण्यांसाठी सौम्य मलम दिले, मोजून पाच दिवस. ते इथे नाव न घेता लिहिते आहे, कारण चेहऱ्यावर स्टेरॉइडची ट्यूब दुकानातून आणून महिनोन्‌महिने लावणारे रुग्ण मी रोज बघते. दोन आठवडे सुगंधी वस्तू सगळ्या बंद, आयलायनर बंद, साधे काजळ फक्त. तो दहा दिवस भूमिकेतून सुटी घेईल अशी आशा मी धरली होती. त्याने चार दिवस घेतली. मंडळीच्या नाईकांनी द्रौपदी बदलली, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

नवे तेल थेट चेहऱ्यावर लावायचे नव्हते. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर, दिवसातून दोनदा, सात दिवस. लाली नाही, खाज नाही, मग जबड्याच्या एका बाजूला तीन रात्री. मग चेहरा. घरी कुणीही करू शकेल अशी ही चाचणी आहे आणि ती न करता नवे तेल पापणीवर लावणे म्हणजे पापणीलाच चाचणीला बसवणे. दरम्यान सुगंधी मिश्रणाची पॅच टेस्ट केली, पाठीवर ४८ तास पट्ट्या ठेवून. सुगंधी मिश्रणाच्या जागी ९६ तासांनी लाल, उंचवटा आलेला चौकोन होता. पापण्यांचा अंदाज पक्का ठरला.

दाढी दुपारी तीनला करायची, केसांच्या दिशेने, एकदाच. निळसर झाक लपवायला फाउंडेशनच्या आधी केशरी छटेचा पातळ हात द्यायचा. हे मला त्याच्याच मंडळीतल्या एका ज्येष्ठ नटाने सांगितले, माझ्या पुस्तकांत नव्हते.

आता रंग काढणे. आधी ओल्या कापडाने पॅनकेक. मग कोरड्या हातावर एक चहाचा चमचा तेल, दोन्ही तळव्यांत फिरवून कोमट करायचे, आणि कोरड्या चेहऱ्यावर ठेवायचे. चोळायचे नाही. डोळे मिटून पापण्यांवर तेलाचा कापूस साठ आकडे मोजेपर्यंत टेकवून ठेवायचा, मग खालच्या दिशेने एकदाच ओढायचा. लेन्स लावणाऱ्यांनी ती आधी काढावी, नाहीतर तेलाची पापुद्री लेन्सवर बसते आणि दिवसभर धूसर दिसते. मग मलमलीच्या मऊ, ओल्या तुकड्याने टिपून तेल आणि रंग एकदम उचलायचे. आणि मग शेवटचे काम, जे तो सहा वर्षे एक तर फार जोरात करत होता किंवा थकून न करताच झोपत होता. साबण नसलेला सौम्य फेसवॉश, अर्धा मिनिट, दोन ओंजळी पाणी.

दिवाळीच्या अभ्यंगात आपण हे पिढ्यान्‌पिढ्या करतो. आधी तेल, मग उटणे. तेल नुसते जिरवून कुणी पहिल्या आंघोळीला फराळाला बसत नाही. उटण्याचे काम अंगावरचे जादा तेल उचलण्याचे असते. मग मेकअप काढताना उटण्याची पायरी आपण का गाळतो, हे मला कळत नाही. (चेहरा चिडलेला असताना डाळीचे पीठ मात्र नको, ते खरखरते.) जपानमध्ये शू उएमुरा या रंगभूषाकाराने १९६७ साली विकायला काढलेले तेल पाण्याने धुतले जाई. अशा तेलांत तेल आणि पाणी यांची गाठ घालणारा पदार्थ मिसळलेला असतो. ती युक्ती ‘नैसर्गिक’ नाही म्हणून नाक मुरडणारे भेटतात. ज्यांना दुसरी पायरी जमणारच नाही, त्यांच्यासाठी तसले तेल, वासाचे नसले तर, घरच्या तेलापेक्षा चांगले आहे.

त्याच्या आईने जुन्या मलमलीच्या धोतराचे तळहाताएवढे तीस तुकडे कापले, कडा शिवून. स्टीलच्या दोन डब्या, एक स्वच्छ तुकड्यांची, एक वापरलेल्यांची. रोज सकाळी वापरलेले उकळत्या पाण्यातून निघतात.

चौथ्या आठवड्यात चुकलेले कळले

तीन आठवड्यांत पापण्या पूर्ववत झाल्या. गाल झोंबायचे थांबले. जबड्यावरच्या पुटकुळ्या अर्ध्या झाल्या. पण कपाळावरच्या, केसांच्या रेषेला लागून असलेल्या, जशाच्या तशा होत्या, उलट थोड्या वाढल्या होत्या. आणि त्या खाजत होत्या.

पहिल्याच दिवशी मी त्याला खाज विचारली होती, पण ती सगळ्या चेहऱ्याची. कपाळाची वेगळी विचारली नव्हती. आता भिंगातून पाहिले तर त्या पुटकुळ्या एकसारख्या आकाराच्या होत्या, एकही काळे तोंड नाही, एकही मोठी नाही. तुंबलेली छिद्रे अशी शिस्तीत नसतात. ही त्वचेवरच राहणाऱ्या मॅलासेझिया या बुरशीची लक्षणे होती. गंगावन आणि टोपाखाली रात्रभर घाम, त्यावर तेल. प्रयोगशाळेत ही बुरशी वाढवायची असेल तर तिच्यावर ऑलिव्ह तेलाचा थर देतात, तिला तेल इतके प्रिय. खोबरेल, ऑलिव्ह, सूर्यफूल, तिला सगळी चालतात. म्हणजे इथे तेल बदलणे हा उपायच नव्हता. मी तिन्ही जागांना तेलाच्याच हिशोबात बसवले होते आणि कपाळ त्या हिशोबात कधीच नव्हते.

बुरशीवरचे औषध दिले. आणि कपाळाच्या वरच्या दोन बोटांच्या पट्ट्यावर तेल पूर्ण बंद. तिथे स्टिकऐवजी पॅनकेक, म्हणजे पाण्याने लागेल आणि पाण्याने निघेल. टोपाखाली रोज धुतलेली सुती पट्टी. तीन आठवड्यांत कपाळ मोकळे झाले.

तेव्हापासून मेकअपच्या तेलाबद्दल विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हे दोन प्रश्न विचारते: कपाळ आणि छातीवरच्या पुटकुळ्या खाजतात का, आणि नाकाच्या बाजूंना, भुवयांत कोंडा धरतो का? उत्तर होय आले तर तेलाची चर्चा पुढे नेत नाही, आधी तपासते.

शिमग्यापर्यंत तो चार वेळा येऊन गेला. जबड्यावरच्या पुटकुळ्या जायला दहा आठवडे लागले. अशा पुटकुळ्या त्वचेच्या आत तयार व्हायलाच कित्येक आठवडे घेतात, त्यामुळे पंधरा दिवसांत तेलाचा निकाल लावता येत नाही, चांगला की वाईट. एकदा मध्येच तो घाबरून आला होता, की नव्या तेलाने चार पुटकुळ्या नव्या आल्या. त्या जुन्याच होत्या, आता वर आलेल्या. थांबायला सांगितले, थांबला.

त्याच मंडळीतला राजापार्टी मात्र वीस वर्षे खोबरेलानेच रंग उतरवतो. त्याचा चेहरा मी मुद्दाम पाहिला. कोरडी त्वचा, एक पुटकुळी नाही. दाढी-मिशी चिकटवायचा स्पिरिट गम राळेचा असतो, तो तेलाने मऊ होतो, म्हणून त्याला तेल सोडून चालणारही नाही. त्याने विचारले, “मिया बदलूक व्हया काय?” मी नाही म्हटले. फक्त हिवाळ्यात बाटली कोमट पाण्यात ठेवून मग ओता आणि नंतर तोंड धुवा, एवढेच सांगितले.

वैशाखात शेवटची जत्रा झाली त्या दुसऱ्या दिवशी तो आला. औषध घ्यायला नव्हे. पिशवीतून एक डबी काढून टेबलावर ठेवली. नव्याने आलेल्या सोळा वर्षांच्या पोराला पुढच्या हंगामात राधा उभी करायची आहे, त्याच्यासाठी आईने आणखी तीस तुकडे कापले होते. त्या पोराला कोपरावर तेल लावून सात दिवस थांबायला त्याने आधीच बसवले होते. तो पाचवा दिवस होता.